पृथ्वीआडचे आकाश

चिरनेरच्या ज्या अक्कादेवी डोंगराने 25 सप्टेंबर 1930 चा जंगल सत्याग्रह पाहिला, त्यावर रात्री उभे राहणाऱ्यास अर्धेच आकाश दिसते. उरलेले अर्धे भूमीआड असते. उपग्रहाचीही यातून पूर्ण सुटका नाही. साडेसहाशे किलोमीटर उंचीवरूनही पृथ्वी त्याचे जवळपास एक-तृतीयांश आकाश झाकते. आणि क्ष-किरण व गॅमा किरण वातावरणातच शोषले जात असल्याने उपग्रहावाचून ते पाहण्याचा मार्ग फारसा नाही.

17 ऑगस्ट 2017 रोजी याचा प्रत्यय आला. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या गुरुत्वीय लहरी पृथ्वीवर पोहोचल्या आणि अवघ्या 1.7 सेकंदांनी गॅमा किरणांची झलक ‘फर्मी’ उपग्रहाने टिपली. सोन्यासारखे जड धातू अशा मीलनांत घडतात, याला त्या घटनेने बळ दिले. सराफी पेढीवर बसणाऱ्यास हे विशेष वाटावे. भारताचा ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ 2015 पासून कक्षेत होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने घडलेला त्याचा क्ष-किरण संवेदक सज्ज होता; परंतु त्या क्षणी स्रोत नेमका पृथ्वीआड होता. न दिसणेही अगदीच वाया गेले नाही, कारण उघडे असलेले आकाश शोधातून वगळता आले. तरी संधी हुकली ती हुकलीच.

यावर उपाय म्हणून मुंबईच्या आयआयटीच्या नेतृत्वाखाली ‘दक्ष’ मोहीम प्रस्तावित आहे. पृथ्वीच्या विरुद्ध बाजूंना दोन सारखे उपग्रह, म्हणजे एकाला जे झाकलेले ते दुसऱ्याला उघडे. अहमदाबादची भौतिक अनुसंधान प्रयोगशाळा यात सहभागी आहे. जैन गिरणीमालक घराण्यात जन्मलेल्या डॉ. विक्रम साराभाई यांनी 1947 मध्ये ती स्थापिली, तेव्हा त्यांचा स्वतःचा विषय विश्वकिरण हाच होता.

उपकरण अवाढव्यच हवे असेही नाही. 2021 मध्ये सोडलेला ‘जीआरबी-अल्फा’ हा दहा सेंटिमीटरचा घन होता, किराणा दुकानातल्या लहान डब्याएवढा. 9 ऑक्टोबर 2022 रोजी आजवरचा सर्वांत तेजस्वी गॅमा स्फोट झाला. ‘फर्मी’चे संवेदक त्या तेजाने दिपून गेले, या चिमुकल्याने मात्र स्फोटाचे शिखर मोजले. लहान संवेदकात किरण कमी शिरतात. एरवी उणीव ठरणारी ही गोष्ट त्या दिवशी कामास आली.