एका शिलिंगाचे पुस्तक

१८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस निघाले, तेव्हा मातोश्री पुतळीबाईंच्या मनातील शंका जैन साधू बेचरजी स्वामींनी दूर केली. मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा त्यांनी या तरुणाकडून घेतली. लंडनमध्ये प्रतिज्ञा पाळली गेली. पण पोट अर्धे राहिले. मांसाहाराचा आग्रह करणाऱ्या स्नेह्यांना उत्तर देण्यास दिलेल्या वचनाखेरीज त्यांच्याजवळ काहीच नव्हते.

एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी उपाहारगृह सापडले. दाराजवळ काचेमागे विक्रीची पुस्तके होती. हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक त्यांनी एका शिलिंगास घेतले आणि मग ते पोटभर जेवले. पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचल्यावर आईस दिलेला शब्द हा त्यांचा स्वतःचा निश्चय झाला. २० नोव्हेंबर १९३१ रोजी लंडनच्या शाकाहारी मंडळापुढे त्यांनी भाषण केले, तेव्हा वृद्ध सॉल्ट तेथे उपस्थित होते.

घरातील नियम मुलांना वारशाने मिळतात. त्यामागील कारणे मिळतातच असे नाही. परगावी शिकावयास निघालेल्या मुलामुलींच्या सामानात खाकरे आठवणीने भरले जातात. आहारावरील घरातले सर्वांत आवडते पुस्तकही त्यांत ठेवावे, आणि ते परत मागू नये. कपाटात राहिलेला ग्रंथ म्हणजे पडून असलेले भांडवल. आहार, औषध व अभय यांच्या बरोबरीने शास्त्रदानाची गणना पूर्वसूरींनी उगाच केलेली नाही.