'नाना'चा शिक्का आणि लंगरची रोटी

पोस्ट लांब आहे. पण ज्याच्या घरचं कोणी फौजेत आहे किंवा होतं, त्यानं शेवटपर्यंत वाचावी.

हिंगोलीत पेन्शनपुरा नावाची वस्ती आहे. पलटण, रिसाला, तोफखाना ही नावंही निजामाच्या काळातल्या छावणीचीच. म्हणजे फौज आणि पेन्शन हे शब्द आपल्याला नवे नाहीत. तरी आमच्या पुसेगावात माझ्या चुलत भावाचे कागद आले, तेव्हा घरातले विचारत होते, "हे नाना कोण?"

नाना म्हणजे इंग्रजीतली चार अक्षरं. अर्थ असा, की आजार नोकरीमुळं झाला नाही आणि नोकरीमुळं वाढलाही नाही. हा शिक्का पडला की अपंगत्व पेन्शन संपली.

भाऊ १९९८ ला भरती झाला. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. मेडिकलमध्ये एक खोट निघाली नाही. तीन-चार वर्षांनी पोट बिघडायला लागलं. जुलाब, रक्त कमी, वजन घटत चाललेलं. कधी आवेची औषधं, कधी जंताच्या गोळ्या. सुट्टीवर आला की महिन्याभरात तोंडावर तेज यायचं. माझी काकू म्हणायची, "घरी भाकर खातो तर पोरगं बरं राहतं, तिकडं काय खाऊ घालतात?" काकू शाळेत गेलेली नाही, पण निदान तिनंच आधी केलं होतं.

आजाराचं नाव सीलिअॅक. गहू आणि जव यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. या आजारात ते पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, हाडं ठिसूळ होतात. यावर गोळी नाही. जन्मभर गहू बंद, हाच इलाज. ज्वारी, बाजरी, तांदूळ चालतात. आणि लंगरमध्ये काय? सकाळी पुरी, दुपारी रोटी, रात्री रोटी.

शेवटी २००६ ला बोर्ड बसलं. २० टक्के अपंगत्व, सेवेस अयोग्य. कारण? आजार अंगचाच, आनुवंशिक. मारला शिक्का, नाना.

आता माझा सवाल ऐका. आनुवंशिक भाग आहे, मी नाकारत नाही. पण ज्या जनुकांमुळं हा आजार होऊ शकतो, ती शंभरातल्या सुमारे तीस माणसांत असतात आणि आजार होतो साधारण एकाला. म्हणजे जनुक म्हणजे आजार नव्हे. फौजेनं आजार दिला असंही मी म्हणत नाही. मी म्हणतो, फौजेत तो वाढला. ज्याला गहू विष आहे त्याला वर्षानुवर्षं गहूच मिळाला. पोस्टवरचा जवान लंगरमध्ये जाऊन "मला भाकर द्या" म्हणू शकतो का? आणि गव्हाशिवायचा आहार देता येत नाही म्हणून तो सेवेस अयोग्य ठरतो, तर त्या सेवेनं आजार वाढवला नाही हे त्याच कागदावर कसं लिहिता? दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी?

कायदाही हेच सांगतो. १९८२ च्या नियमांत स्पष्ट होतं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार नोकरीत झाला असं धरायचं. तो तेव्हा ओळखता येण्यासारखा नव्हता असं डॉक्टरांचं मत असेल तर कारणं लिहायची. शंकेचा फायदा जवानाला. धरमवीर सिंग खटल्यात २०१३ ला सुप्रीम कोर्टानं हे ठणकावून सांगितलं. तो सिग्नल कोरचा जवान होता, त्याला फिट यायची. नुसतं 'अंगचा आजार' लिहिणं म्हणजे कारण देणं नव्हे.

काही जण म्हणतात, आता भाकर खाऊन बरा आहे ना, मग पैसे कशाचे? अहो, नोकरी गेली ती गेलीच. हाडं गेली ती परत येत नाहीत. आणि मागणी केवढी? २० टक्के नियमानं ५० धरले, तरी शेवटच्या मूळ पगाराच्या १५ टक्के. हे दान नाही, हक्क आहे.

आणखी एक गंमत. मार्च २०२३ मध्ये लष्करानं जाहीर केलं, की अर्ध्या शतकानंतर जवानांच्या रेशनमध्ये ज्वारी-बाजरी-नाचणीचं पीठ परत आणतोय. छान झालं. पण मग भाऊ होता तेव्हा ताटात भाकर नव्हती, हे सरकारनंच मान्य केलं की नाही?

आता कामाचं. ज्याच्या कागदावर नाना आहे त्यानं बोर्डाच्या कारवाईची पूर्ण प्रत मागावी. भरतीचं मेडिकल, दवाखान्याच्या चिठ्ठ्या जपाव्यात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. आधी अपील, मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. उशीर झाला म्हणून हक्क मरत नाही, पण थकबाकी साधारण मागच्या तीनच वर्षांची मिळते. म्हणून बसून राहू नका. सप्टेंबर २०२३ नंतर घरी आलेल्यांना नवे नियम लागतात, ते आधी नीट वाचून घ्या.

भावाचे कागद आम्ही पुन्हा बाहेर काढलेत. काकू आता थकली. तिला एकच पाहायचंय, तो शिक्का पुसलेला.

पटलं तर पुढं पाठवा. जय हिंद.

– एक माजी सैनिक, पुसेगाव, ता. सेनगाव, जि. हिंगोली