दिवाळीचा डबा एप्रिलमध्ये सुरू होतो

दर वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी पुण्यातल्या समस्त आयटी हापिसांत एक डबा वाटला जातो. सोनेरी कागद, आत प्लॅस्टिकचे चार खण, त्यात काजू, बदाम, मनुका आणि चौथ्या खणात कसलातरी खारवलेला प्रकार. हा डबा कुठल्या गावाहून आला ते ओळखून दाखवा, माझ्या वाट्याचे काजू तुमचे! बदाम कॅलिफोर्नियाचे, काजूचं बी बहुतेक आफ्रिकेतून आलेलं, खोका आणखी कुठला. डब्याला गावच नसतं.

नागपूरवाला मित्र संत्रा बर्फी आणतो, साताऱ्याचा कंदी पेढे, कोकणातला आंबापोळी. जपानी लोक तर कुठेही जाऊन आले की त्या गावचा खाऊ हापिसात वाटतात, त्याला 'ओमियागे' म्हणतात. मी मूळचा चंद्रपूरचा. माझ्या वाट्याला येतो तो विनोद: "काय आणलंस, कोळसा?"

तर माझं म्हणणं असं, की चंद्रपूर-गडचिरोलीचा स्वतःचा डबा आहे आणि तो घरी करता येतो. फक्त त्याचं नाव घ्यायला आपण लाजतो, कारण तो मोहाचा आहे.

मोह म्हटलं की माणसाला एकच गोष्ट आठवते, बाटली. आमची एक मावशी आरमोरीकडे असते. तिला म्हटलं, या वर्षी पुण्याला मोहाचे लाडू पाठव. ती म्हणाली, "मोहाचे लाडू? पुण्याले? लोक काय म्हणतीन बाप्पा! त्यापेक्षा बेसनाचे देतो." घरात तेच लाडू पोरं मिटक्या मारत खातात, पण पाहुण्याला द्यायचं तर बेसन. मावशीचा दोष नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या छत्राखाली आपल्या राज्यात या फुलाकडेही दारूचा कच्चा माल म्हणूनच पाहिलं गेलं. गोळा करणं, साठवणं, नेणं, सगळ्यावर निर्बंध. ते शिथिल व्हायला २०२१ उजाडलं. जे फूल घरात ठेवताना शिपायाची भीती वाटते, त्याचा लाडू रिबीन बांधून कोण देईल?

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, ती बायाबापड्यांनी लढून मिळवलेली. चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. अशा ठिकाणी मोहाचं कौतुक करणं म्हणजे दारूचं कौतुक नाही का?

मला उलट वाटतं. फूल आंबवून गाळलं तर दारू होते, भाजून कुटलं तर लाडू. द्राक्षाची वाईन होते म्हणून आपण मनुका नैवेद्यातून काढत नाही. खायला म्हणून मोह विकत घेणारे जितके वाढतील, तितकी वेचणाऱ्या बाईला भट्टीवाल्याच्या दारात जायची गरज कमी. दारूबंदीला यात काही धोका असेलच, तर तो गिऱ्हाईक एकच असण्यात आहे.

आता प्रत्यक्ष काम. मोह फुलतो साधारण मार्च-एप्रिलमध्ये. फुलं रात्री गळतात आणि बाया पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. जंगलातल्या झाडाखाली, म्हणजे वाघाच्याही वाटेवर. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. पानं वेगळी, हंगाम थोडा मागेपुढे, पण वाट तीच आणि बायाही त्याच. ताडोब्याहून वाघाचा टीशर्ट घेऊन परतणाऱ्यांना हे ठाऊक असावं एवढंच.

वेचलेलं फूल उन्हात खडखडीत वाळवतात. पैशाची बहुतेक घरांना नड असते, त्यामुळे बरंचसं फूल हंगामातच विकलं जातं आणि पुढे व्यापारी ते भाव चढल्यावर काढतो. म्हणून माझा पहिला नियम: फूल एप्रिलमध्ये, वेचणाऱ्या घरातूनच घ्यायचं. दिवाळीला बाजारात जाऊन आणलंत तर डबा होईल, पण पैसा भलत्याच खिशात जाईल. आणलेलं फूल पुन्हा दोन उन्हं दाखवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसाळ्याची ओल लागली की ते चिकट होतं, मग कीड लागते.

लाडवाचं माप (अर्धा किलोच्या डब्यासाठी): पाव किलो सुकी फुलं, दीडशे ग्रॅम तीळ, पन्नास ग्रॅम जवस, पन्नास ग्रॅम गूळ. फुलं हातावर चोळून आतले केसर झटकून टाका, नाहीतर कडवट लागतं. जाड कढईत मंद आचेवर भाजा. गरम असताना ती लिबलिबीत वाटतात, गार झाली की कुरकुरीत होतात. तीळ, जवस वेगळं भाजा. मग सगळं एकत्र कुटा. मिक्सर चालतो, पण थांबत थांबत फिरवा, नाहीतर लगदा होतो. तिळाचं तेल सुटलं की वळायला घ्या, लागलं तर चमचाभर तूप. दूध नाही, मावा नाही, त्यामुळे कुरिअरचे चार दिवस लाडवाला काही होत नाही. सुक्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते, म्हणून गूळ कमी. आणि म्हणूनच मधुमेहवाल्या काकांना 'जंगली आहे, चालतं' असं सांगू नका. चालत नाही.

लाडवांच्या जोडीला जवसाची चटणी. धान उभं असतानाच बांधीतल्या ओलीवर फेकून दिलेलं जवस हे आमच्याकडचं जुनं दुसरं पीक. एक पुडी चारोळीची. आणि अर्धा किलो एचएमटी तांदूळ. भेटीच्या डब्यात कच्चा तांदूळ? हो, कारण तो आमचा आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, जेमतेम दीड एकराचे शेतकरी. धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी बाजूला राखल्या, वर्षानुवर्षं निवडून त्यातून वाण उभं केलं आणि तेव्हा चलती असलेल्या घड्याळाचं नाव त्याला पडलं. २०१८ मध्ये दादाजी गेले. तांदूळ दूरदूर विकला गेला, त्यांच्या हाती मात्र फारसं काही लागलं नाही. घड्याळाचं नाव सगळ्यांना माहीत, माणसाचं कुणाला नाही! निदान आपल्या डब्यातल्या चिठ्ठीवर ते लिहूया.

खोका पुठ्ठ्याचा नको. बुरडाकडून झाकणाची बांबूची टोपली करून घ्या. याच बांबूवर स्वतःचा हक्क मिळवायला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ पर्यंत थांबावं लागलं आणि तो विकण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने हातात यायला २०११.

आता हिशेब, कारण सवय जात नाही. मोहफुलाची सरकारी आधारभूत किंमत २०२० मध्ये किलोला ३० रुपये होती. त्या दराने एका डब्यातलं फूल झालं साडेसात रुपयांचं. दुप्पट भाव दिला तरी पंधरा. म्हणजे डब्यामागे साडेसात रुपये जास्त गेले, की पहाटे जंगलात गेलेल्या बाईला एकदम दुप्पट मिळतात. सोनेरी कागदच त्याहून महाग पडत असेल. मोहाचे लाडू 'ऑरगॅनिक ट्रायबल सुपरफूड' म्हणून भारी भावात विकणाऱ्यांनीही हे गणित एकदा मांडून पाहावं.

झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटकं होतात, घरं पाहुण्यांनी भरतात आणि निघताना प्रत्येकाला काहीतरी बांधून दिलं जातं. ते बांधून देणं म्हणजेच आपला डबा, तो नव्याने शोधायला नको. फक्त वरच्या चिठ्ठीवर 'पौष्टिक लाडू' असलं गुळमुळीत काही लिहू नका. ठळक अक्षरांत 'मोहाचे लाडू' लिहा, खाली फूल वेचलं त्या गावाचं नाव आणि केल्याची तारीख.

चकल्या-करंज्या हव्याच असतील तर घाला बापडे. त्या कुठेही मिळतात.