ठणका थांबला म्हणजे बरं झालं?

मंडळी, गेल्या महिन्यात माझ्या खालच्या दाढेपाशी हिरडी सुजली. जन्मभर पोरांची नखं आणि दात तपासणाऱ्या या मास्तरानं काय केलं म्हणता? लवंगेचं तेल लावलं आणि डब्यात उरलेल्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या घेतल्या. तिसऱ्या दिवशी तोंडात काहीतरी खारट, घाण आलं आणि ठणका थांबला. मी खूश! पंधरा दिवसांत सूज परत आली, ती तापासकट.

गळू फुटून दाब कमी झाला होता, एवढंच. कारण जागेवरच होतं. कीड आत जाऊन नस मेली की दाताच्या मुळाशी पू होतो; तिथे रूट कॅनल करा, नाहीतर दात काढा. हिरडी दातापासून सुटून त्या फटीत किटण साचलं की हिरडीत गळू होतं; तिथे फट साफ करावी लागते. दोन्हीकडे पू काढून द्यावाच लागतो. गोळी जोडीला असते, ताप आला किंवा सूज पसरली तर. तीही डॉक्टर सांगतील ती, डब्यातली नव्हे.

आता आमच्या नातेवाइकांचं तत्त्वज्ञान ऐका. "दात साफ केले की हलतात." अहो, दात आधीच सैल झालेला असतो, किटणानं तो धरून ठेवलेला असतो! "मिश्री लावली की बरं वाटतं." ती तंबाखूची तलफ भागते, हिरडी नाही बरी होत. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारनं १९९२ साली बंदी केली. आपण मात्र घरी तव्यावर भाजतोच आहोत.

मधुमेहवाल्यांनी तर कान टोचून घ्यावेत. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

जबड्याखाली सूज आली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास अडकू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच हॉस्पिटल गाठा. यात माणसं दगावतात.

गुडघ्यासाठी आपण लाखांचा हिशेब करतो आणि दातांसाठी "बघू दिवाळीनंतर" म्हणतो. माझी दाढ गेली. तुमची अजून आहे ना? मग हे वाचून झाल्यावर आधी दवाखान्यात फोन करा, प्रतिक्रिया नंतर लिहा.