थंड ठिणगीवर सौदा करू नका

कापडाच्या धंद्यात आम्हाला लहानपणीच एक धडा मिळतो. थानाचा रंग कोरडा बघून माल उचलायचा नाही. पांढरा रुमाल ओला करून थानावर घासायचा. रुमाल रंगला तर सौदा तिथेच थांबवायचा. तीस वर्षे कापडात मी हा धडा पाळला आणि एका जुन्या मोटारसायकलच्या बाबतीत विसरलो. त्याची किंमत आंबेनळी घाटात मोजावी लागली. आपल्या वाचकांत गॅरेजवाले, वाइंडिंगवाले आणि जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारे बरेच आहेत, म्हणून हा अनुभव त्यांच्यापुढे ठेवतो.

आमच्या चाचांची बीएसए एम-ट्वेंटी ही ५०० सीसीची गाडी. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश फौजेसाठी अशा सव्वा लाखाच्या वर गाड्या तयार झाल्या. चाचांनी ती जुन्या लष्करी मालात घेतली होती आणि तिच्यावर कापडाचे गठ्ठे बांधून ते घाट चढत. त्यांच्यामागे ती महाडला आमच्या पडवीत उभी राहिली. जुलै २०२१ च्या पुरात दुकानातला माल गेला आणि ही गाडीही अर्धी बुडाली. पुढे हातात चार पैसे आले तेव्हा ती दुरुस्तीला टाकली. मिस्त्रीने प्लग काढून हेडला टेकवला, किक मारली आणि निळी ठिणगी दाखवली. म्हणाला, "शेठ, करंट बघा. नव्या गाडीला असा येत नाही." मी खूश होऊन बिल चुकते केले.

पुतण्याला मागे बसवून पोलादपूरहून निघालो. सपाटीला गाडी गाण्यासारखी चालली. घाटाची चढण लागली, इंजिन तापले आणि एका वळणावर ती गप्प झाली. वरून पाऊस, समोर धुके, मागून एसटी आणि ट्रक. बाजूला घ्यायला जागा नाही. पाऊण तासाने गाडी पहिल्या किकला सुरू झाली, दोन वळणे चढून पुन्हा बंद. तिसऱ्यांदा पुतण्या म्हणाला, "चाचा, आता टेम्पो बघू या." गाडी टेम्पोत घालून खाली आणली.

असे का झाले, ते नंतर एका जुन्या कारागिराकडे बसून समजून घेतले. मॅग्नेटोला, आपल्याकडच्या बोलीत मॅग्नेटला, बॅटरी लागत नाही. लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरते आणि वीज तिथेच तयार होते. वेटोळ्यात जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉइंट उघडला की जाड तारेतला प्रवाह एकदम तुटतो आणि बारीक तारेत हजारो व्होल्टचा झटका उठतो. हा प्रवाह झटक्यात तुटावा आणि पॉइंट जळू नयेत, हे काम कंडेन्सरचे. आमच्या गाडीच्या लुकास मॅग्डायनोत हा कंडेन्सर फिरत्या वेटोळ्याच्याच पोटात बसवलेला असतो आणि सगळा संच सिलिंडरच्या मागे, इंजिनाच्या उबेत असतो. जुना कंडेन्सर थंड असताना ठीक वागतो, तापला की गळू लागतो. वेटोळ्यावरचा जुना लाखेचा थरही उष्णतेने मऊ पडतो. वर आमच्या गाडीने पुराचे पाणी प्यायलेले. म्हणून दुकानाच्या दारात ठिणगी निळी आणि घाटात गाडी मुकी.

जुने लोक सांगतात की मॅग्नेटो कधी दगा देत नाही. हे अर्धेच खरे आहे. बॅटरी मेली तरी मॅग्नेटोची गाडी चालते, हा त्याचा मोठा गुण. बजाज चेतक स्कूटरवर धंदा केलेल्यांना हा गुण ठाऊक आहे. तिच्या चाकातल्या मॅग्नेटने बॅटरीशिवाय कितीतरी घरे चालवली. पण मॅग्नेटोची ठिणगी वेगाबरोबर जोरदार होते आणि किकच्या मंद फेऱ्यात सर्वांत अशक्त असते. म्हणजे दोष असलेला मॅग्नेटो चालत्या गाडीत लपून राहतो आणि गाडी तापून बंद पडली की उघडा पडतो. नेमकी तेव्हाच आपल्याला त्याची गरज असते.

मग परीक्षा कशी करावी? आधी पॉइंट साफ करून फट मोजावी. लुकासच्या या मॅग्नेटोंना ती बारा थाऊ, म्हणजे सुमारे ०.३० मिलिमीटर लागते. स्लिप रिंग आणि कार्बन ब्रश पुसून बघावे. काही गाड्यांत इंजिन बंद करण्याची तार मॅग्नेटोला जोडलेली असते. ती कुठे घासून बॉडीला लागली तरी ठिणगी मरते, म्हणून वाइंडिंगला दोष देण्याआधी ती तार सोडून पाहावी. उघड्या हवेत प्लगची ठिणगी सहज पडते, सिलिंडरच्या दाबाखाली तेवढी सहज पडत नाही. म्हणून पाच-साडेपाच मिलिमीटरची फट ठेवून ठिणगी उडते का ते बघावे. प्लगची तार मात्र मोकळी सोडून किक मारू नये, झटक्याला वाट मिळाली नाही तर तो आतल्या थरावर जातो. पेट्रोल जवळ ठेवू नये.

एवढे झाले तरी काम अर्धेच. गाडी अर्धा तास चालवावी, बंद करावी, दहा मिनिटे थांबावे. इंजिन बंद झाल्यावर वारा लागत नाही आणि आतली ऊब मॅग्नेटोकडे सरकते. तेव्हा किक मारावी. असे तीन वेळा करून तिन्ही वेळा गाडी सुरू झाली तरच म्हणावे की मॅग्नेटो चांगला आहे. पुरात भिजलेला मॅग्नेटो तर आधी उघडून, पूर्ण सुकवून, कंडेन्सर बदलूनच जोडावा.

काही जण म्हणतात, ही कटकट हवी कशाला, बॅटरी-कॉइल बसवा. रोजच्या वापराची गाडी असती तर मीही तेच म्हटले असते. पण केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज नोंदणी ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या गाडीलाच मिळते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये आहे आणि अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला वापरता येत नाही. तिची किंमत तिच्या अस्सलपणात आहे. म्हणून मॅग्नेटो ठेवावा, पण पारखून ठेवावा.

माझे म्हणणे दोन्ही बाजूंना आहे. कारागीर भाईंनो, गरम परीक्षेला वेळ जातो, पेट्रोल जाते. त्याची मजुरी वेगळी लावा आणि बिलावर तारखेसह लिहा: 'गरम करून तीन वेळा तपासले.' ही एक ओळ तुमच्या दुकानाच्या पाटीपेक्षा जास्त गिऱ्हाईक आणील. वेटोळे हाताने भरणारे उस्ताद आता थोडे उरले आहेत. एका कच्च्या कामाने बदनामी त्या एकट्याची होत नाही, सगळ्या हुन्नराची होते. आणि खरेदीदारांनो, पॉलिशला हजारो रुपये देताना हात आखडत नाही, तर परीक्षेच्या मजुरीवर घासाघीस करू नका. मी तेव्हा मिस्त्रीला 'लवकर दे' म्हणालो होतो, 'तापवून दाखव' म्हणालो नव्हतो. चूक त्याची होती, तशी माझीही होती.

आमच्या गाडीत आता नवा कंडेन्सर आणि नवे वाइंडिंग आहे. घाटात नेण्याआधी महाडमध्येच तीन वेळा तापवून किक मारली. तिन्ही वेळा इंजिन बोलले, तेव्हाच पोलादपूरचा रस्ता धरला.