छंदाला वेळ नाही, की मनच लागत नाही?

ऑक्टोबर 2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला 70 तास काम करण्याचा सल्ला दिला. तो वाद अजून मिटलेला नाही. अमरावती-अकोल्यात घरी बसून परदेशी ग्राहकांच्या वेबसाइट बनवत असाल, तर हा प्रश्न तुमच्या घरातलाच आहे. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. मुलांचा अभ्यास, जेवण आणि भजनाची वेळ तीच.

हिशोब करा. आठवड्याचे तास 168. झोपेचे 49 आणि कामाचे 70 वजा केले, तर दिवसाला उरतात सात. त्यातच आंघोळ, बाजार, मुलं, आईवडील. मग आधी छंद सुटतो, नंतर झोप. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या अहवालानुसार आठवड्याला 55 किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा 35 टक्के अधिक असतो.

म्हणून आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मीटिंग नको, हे ग्राहकाशी आधीच ठरवा. वर्षातून एकदा रक्तदाब तपासा.

मात्र सुटीच्या दिवशीही खंजिरी हातात घ्यावीशी वाटत नसेल, आणि दोन आठवडे असंच चालून झोप-भूकही बिघडली असेल, तर तो वेळेचा प्रश्न राहत नाही. ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना भेटा किंवा टेली-मानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोला.