शस्त्रागाराच्या दारात आम्ही कुठे?

दरवर्षी 1 जानेवारीला ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या वस्त्यांतून गाड्या भरून भीमा कोरेगावला जातात. विजयस्तंभाला मानवंदना देऊन, त्यावर कोरलेल्या नावांतील 'नाक' हा प्रत्यय दाखवून आम्ही आमच्या मुलांना पूर्वजांचा पराक्रम सांगतो. तो सांगितलाच पाहिजे. 1927 साली खुद्द बाबासाहेबांनी तेथे जाऊन तो मार्ग घालून दिला आहे. पण ज्या जिल्ह्यात आम्ही राहतो, त्याच्या लष्करी इतिहासात आम्ही कुठे आहोत, हा प्रश्न आम्ही स्वतःला कधी विचारला आहे काय?

ठाणे जिल्ह्याचा लष्करी इतिहास म्हटला की ठाण्याचा किल्ला आणि कल्याणचा दुर्गाडी एवढेच सांगितले जाते. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 साली तो मराठ्यांकडे आला आणि 1774च्या डिसेंबरात इंग्रजांकडे गेला. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. याच ठाण्याच्या तुरुंगात 2 मे 1848 रोजी राघोजी भांगरे या आदिवासी वीराला फाशी दिली गेली. किल्ला कोणत्या सत्तेने जिंकला हे पाठ्यपुस्तक सांगते. बंदूक कोणाच्या खांद्यावर होती, हे मात्र सांगत नाही.

कल्याणहून मुरबाडकडे जो रस्ता जातो, तो आमच्यासाठी साधा रस्ता नाही. बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई या मुरबाडकर घराण्यातल्या. त्यांचे वडील आणि सहा चुलते, सगळे सैन्यात सुभेदार मेजर होते! एका अस्पृश्य घराण्यात सात सुभेदार मेजर, ही गोष्ट ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात ठळक अक्षरांत यायला नको काय? पलटणीने या घराण्यांना पगार आणि हुद्दा दिला. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळा दिली. गावच्या शाळेने ज्यांना दाराबाहेर बसवले, त्यांच्या मुलांना पलटणीच्या शाळेत शिकणे सक्तीचे होते. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेचे मुख्याध्यापक झाले. बंदुकीच्या मागून आमच्या घरात लेखणी आली ती अशी.

म्हणूनच 1892च्या सुमारास इंग्रजांनी 'लढवय्या जाती'चे शास्त्र पुढे करून महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा फक्त नोकरी गेली नाही, मुलांची शाळाही गेली. 1894 साली गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्ज लिहिला. 1910 साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा 1917 साली 111वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच 1921 साली मोडली गेली. अखेर 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, तीही बाबासाहेबांनी पाठपुरावा केला म्हणून.

हे फक्त आमच्याच बाबतीत घडले असे नाही. अमेरिकेत कॉन्कर्ड नावाचे लहानसे गाव आहे. 19 एप्रिल 1775 रोजी तेथील दारूगोळ्याचा साठा नष्ट करायला इंग्रजांची फौज निघाली आणि अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी वाटेवरच्या लेक्सिंग्टनला सुटली. तेथे गावकऱ्यांच्या बाजूने लढताना प्रिन्स एस्टाब्रुक हा काळा गुलाम जखमी झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जनरल वॉशिंग्टनने काळ्यांना सैन्यात घेऊ नये असा हुकूम काढला आणि डिसेंबर संपता संपता, माणसांची गरज पडताच, स्वतंत्र काळ्यांपुरता तो सैल केला. त्या एस्टाब्रुकचे स्मारक लेक्सिंग्टनमध्ये उभे राहायला 2008 साल उजाडावे लागले. वर्ण असो की जात, लढाईच्या दिवशी हात चालतात आणि इतिहास लिहिण्याच्या दिवशी ते हात दिसेनासे होतात.

आता आमच्या दाराशी असलेल्या शस्त्रागाराकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठा लष्करी तळ होता. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 1949 साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. लोक पत्ता सांगताना आजही 'कॅम्प नंबर' सांगतात. पुढच्याच स्टेशनावर अंबरनाथ. तेथील ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी हे आमच्या जिल्ह्याचे खरे शस्त्रागार. 1943 साली केंद्राच्या नोकऱ्यांत अस्पृश्यांसाठी 8.33 टक्के जागा राखीव झाल्या, तेव्हा बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्या तरतुदीचा आणि पुढे संविधानाने दिलेल्या आरक्षणाचा हात धरून आमची माणसे या कारखान्यांच्या फाटकातून आत गेली. त्या पगारावर पोरे शिकली, घरे झाली, वस्तीतल्या विहाराला आणि जयंतीला वर्गणी मिळाली.

1 ऑक्टोबर 2021 रोजी सरकारने देशातल्या 41 आयुध कारखान्यांचे मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी 'यंत्र इंडिया'कडे गेली आणि मशीन टूल फॅक्टरी 'आर्मर्ड व्हेइकल्स निगम'कडे. त्याआधी 30 जून रोजी संपबंदीचा अध्यादेशही काढून झाला होता. कंपन्या सरकारी आहेत, आरक्षण कायम आहे, असे सांगितले जाते. कागदावर ते खरेही आहे. पण कायम कामगार निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस उभा राहिला, तर आरक्षण कशाला लागू करणार? 1892 साली दार हुकमाने बंद केले गेले. ठेकेदारीत हुकूमही काढावा लागत नाही.

बुद्धाच्या अनुयायांनी शस्त्रांचे गोडवे कशाला गायचे, असे काही बांधव विचारतील. आम्ही शस्त्राचे गोडवे गात नाही. त्या फाटकातून आत जाण्याचा जो हक्क आमच्या बापजाद्यांनी अर्ज करकरून मिळवला, त्याची आठवण करून देत आहोत.

तेव्हा बांधवांनो, कोरेगावला जरूर जा. पण परत आल्यावर आजोबांच्या पेटीतले पलटणीचे कागद, कारखान्याचा पास, निवृत्तीचे पत्र काढा. विहारात त्यांची नोंदवही करा. मुरबाडच्या सुभेदारांची नावे कल्याणच्या चौकात लागावीत म्हणून अर्ज द्या. आणि अंबरनाथच्या फाटकातून किती कायम कामगार आत जातात व किती ठेक्यावरचे, हे माहितीच्या अधिकारात विचारा. वलंगकरांनी 1894 साली अर्जच केला होता. पुढचा अर्ज आम्हाला लिहायचा आहे.